कमी उंचीच्या क्रॉल स्पेसमधून बाथरूमचं ड्रेन आणि व्हेंट: पाइप कापायच्या आधीचं सगळं प्लॅनिंग

फरशीखाली जेमतेम दीड-पावणेदोन फूट उंची, मातीवर प्लास्टिक अंथरलेलं, डोक्यावर लाकडी तुळया म्हणजे जॉइस्ट, आणि तिथे पोटावर सरपटत जाऊन अख्ख्या बाथरूमचं सांडपाणी जोडायचं, असं काम ज्यांच्यासमोर आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा जागेत चिकटवायचं काम एका दिवसाचं असतं, पण प्लॅनिंग कच्चं असलं तर तोच दिवस तीन वेळा करावा लागतो. बहुतेक जण आधी ड्रेनची लाइन आखतात आणि व्हेंटचं, म्हणजे ड्रेनला हवा देणाऱ्या, भिंतीतून छतावर जाणाऱ्या पाइपचं, नंतर बघू म्हणतात, पण क्रॉल स्पेसमध्ये हे आधी कळस मग पाया असं होतं. व्हेंट कुठल्या भिंतीतून वर जाणार हे ठरल्याशिवाय खाली एकही पाइप कुठे जाणार ते ठरत नाही.

मी हे ठामपणे सांगतो कारण स्वतः भोगलंय. आमच्या जुन्या बाथरूममध्ये फ्लश केला की शॉवरच्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा आणि मग दिवसभर घाण वास. खाली जाऊन बघितलं तर आधी कुणीतरी शॉवरचा व्हेंट फरशीखालून आडवाच पाच फूट नेऊन भिंतीत चढवला होता. तो आडवा तुकडा कापला तेव्हा आत केस आणि साबणाचा राखाडी लगदा, ओल्या लोकरीसारखा घट्ट, पाइप जवळजवळ पूर्ण भरलेला. ड्रेनमधून पाणी वाहतं म्हणून ते धुऊन निघतं, पण व्हेंटमध्ये ड्रेन तुंबल्यावर जे शिरतं ते तिथेच बसतं कारण धुवायला मागून काही येत नाही. क्रॉल स्पेसमधली सगळ्यात कॉमन चूक हीच, आणि पुढचं अर्ध प्लॅनिंग ती टाळण्यासाठीच आहे.

कोड कुठला लागू आहे ते आधी विचारा

खालचे आकडे अमेरिकेतल्या दोन मोठ्या कोडचे आहेत, इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड म्हणजे आयआरसी आणि युनिफॉर्म प्लंबिंग कोड म्हणजे यूपीसी. दोन्हींत बरंच सारखं आहे, पण जिथे फरक आहे तिथे तो मोठा आहे, त्यामुळे तुमच्या भागात कुठला चालतो, त्यात स्थानिक बदल काय आणि परमिट लागतं का, हे एका फोनवर विचारून घ्या. इन्स्पेक्टरला कागदावरचं चित्र आधीच दाखवलंत तर तो तिथल्या तिथे चूक सांगतो, आणि कागदावरची चूक खोडरबराने जाते.

खाली जाऊन काय काय मोजायचं

एकट्याने जाऊ नका, बाहेर तोंडापाशी कुणीतरी असू द्या. पूर्ण बाह्यांचे कपडे, गुडघ्याचे पॅड, चांगला मास्क, डोक्यावरचा दिवा. उंदरांची घाण, खिळ्यांची टोकं, लोंबणाऱ्या वायर, सगळं असतं. जुन्या घरात पाइपला किंवा डक्टला पांढरट कापडासारखं गुंडाळलेलं दिसलं तर हात लावू नका, ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या.

मोजमापाची एक युक्ती सांगतो, सगळी उंची जॉइस्टच्या खालच्या कडेपासून खाली मोजायची. जमिनीपासून मोजू नका, माती कधीच सपाट नसते. घर एका बाजूला बसलेलं असेल तर जॉइस्टही लेव्हलमध्ये नसतात, म्हणून लाइनदोरी ताणून किंवा लेसर लावून एकदा खात्री करा. मग हे उतरवून घ्या: जुनी मेन ड्रेन लाइन जॉइस्टखाली किती इंचावर आहे, ती कशाची आहे आणि कुठल्या साइजची, तिथपासून नवीन टॉयलेटच्या जागेपर्यंत अंतर किती, जॉइस्ट कुठल्या दिशेने धावतात, त्यांची खोली किती, मध्ये बीम, खांब, डक्ट, गॅसची लाइन कुठे आहे. वरच्या भिंती खाली नेमक्या कुठे येतात ते कळायला फरशीतून एक बारीक लांब ड्रिल बिट किंवा सळई खाली काढा. हा एक ठिपका दहा वेळा वरखाली जाणं वाचवतो. फोटो भरपूर काढा, प्रत्येक फोटोत टेप दिसेल असा.

उंचीचा हिशोब

आता घरात टेबलावर बसायचं. क्रॉल स्पेसमध्ये लांबीची चणचण नसते, चणचण उंचीची असते, आणि ढाळ ती उंची खात जातो. साधारण नियम फुटाला पाव इंच, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत फुटाला दोन सूत. अडीच इंची किंवा त्याहून लहान पाइपला दोन्ही कोडमध्ये हाच. तीन इंची पाइपला आयआरसी फुटाला एक सूत चालवून घेतो, यूपीसी मात्र तीन इंचीलाही दोन सूतच मागतो, आणि चार इंची किंवा मोठ्या पाइपला जागाच नसेल तर परवानगी घेऊन एक सूत देतो.

हिशोब नेहमी मेन लाइनपासून उलटा, वरच्या दिशेने करायचा. समजा मेनचा मध्य जॉइस्टखाली ११ इंचावर आहे आणि टॉयलेट तिथून १६ फुटांवर. फुटाला पाव इंच म्हणजे ४ इंच, म्हणजे टॉयलेटखाली तुमच्या तीन इंची पाइपचा मध्य जॉइस्टखाली ७ इंचावर येणार. पुढे शॉवर ६ फूट, दीड इंच अजून गेला, राहिले साडेपाच. बेसिन अजून ४ फूट पुढे, एक इंच गेला, राहिले साडेचार. दोन इंची पाइपची बाहेरची जाडी २.३७५ इंच असते, म्हणजे मध्यापासून वर सव्वा इंचापेक्षा थोडं कमीच, मग वर तीन इंच मोकळे उरले, झकास बसलं.

आता तोच हिशोब मेन ६ इंचावर असताना करून बघा. टॉयलेटपाशी २ इंच उरतात, तीन इंची पाइपची बाहेरची जाडी साडेतीन इंच, म्हणजे पाइप जॉइस्टला जवळजवळ घासतोय, आणि शॉवरपाशी मध्य अर्ध्या इंचावर, म्हणजे पाइप जॉइस्टमध्येच घुसला. इथेच घोडं अडतं. मग पर्याय काय? आयआरसी असेल तर तीन इंचीचा ढाळ एक सूत करून १६ फुटात २ इंच वाचवता येतात. नाहीतर मेनला आणखी खालच्या बाजूला, म्हणजे जिथे ती जास्त खोल आहे तिथे जाऊन जोडता येतं, पण त्याने लांबी वाढते तेव्हा खरंच फायदा होतोय का ते परत मोजा. किंवा शॉवर-बेसिनची लाइन दोन जॉइस्टच्या मधल्या गाळ्यातून न्यायची, पण हे जॉइस्ट त्याच दिशेने धावत असतील तरच. सगळ्यात स्वस्त पर्याय पुष्कळदा वरचा असतो, टॉयलेट आणि शॉवर मेनच्या जवळ सरकवता येतात का ते कागदावरच बघा, फरशी अजून बसलेली नाहीये.

अजून एक गोष्ट, जी चित्रात कधीच दिसत नाही. ११ इंचावर लटकलेला तीन इंची पाइप म्हणजे खालच्या माणसासाठी भिंत असते. २० इंच उंची असेल तर पाइपखाली सात इंच उरतात, त्यातून कुणी जाऊ शकत नाही. लाइन मधोमध आडवी टाकलीत तर पलीकडचा अर्धा क्रॉल स्पेस कायमचा बंद, आणि घर गरम करणारी भट्टी किंवा पाण्याची लाइन पलीकडे असेल तर पुढे येणारा प्रत्येक जण तुमच्या नावाने बोटं मोडेल. शक्यतो पाइप पायाच्या भिंतीला धरून किंवा बीमला लागून न्या.

व्हेंट का लागतो आणि ट्रॅप आर्म किती लांब

ट्रॅप म्हणजे ड्रेनमधलं यू आकाराचं वळण. त्यात २ ते ४ इंच पाणी उभं असतं, गटाराचा वायू घरात येऊ न देणारं झाकण तेच. पाइपमधून पाणी जोरात गेलं की मागे हवा ओढली जाते, ती मिळाली नाही तर ट्रॅपमधलं पाणीच ओढलं जातं. व्हेंट ती हवा देतो.

ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतच्या आडव्या पाइपला ट्रॅप आर्म म्हणतात आणि त्याची कमाल लांबी ठरलेली असते. आयआरसीमध्ये सव्वा इंचीला ५ फूट, दीड इंचीला ६, दोन इंचीला ८, तीन इंचीला १२. हे आकडे पाठ करायची गरज नाही, त्यामागचं गणित कळलं की झालं: ट्रॅपच्या ज्या उंबऱ्यावरून पाणी सांडतं त्याच्या खाली व्हेंटचं तोंड जाता कामा नये, म्हणून आर्मचा एकूण उतार पाइपच्या व्यासापेक्षा जास्त नको. दोन इंची पाइप, फुटाला पाव इंच, आठ फुटांत बरोबर दोन इंच. म्हणजे जास्त ढाळ दिला तर बरं, असं इथे अजिबात नाही, फुटाला अर्धा इंच ढाळ दिलात तर तोच आर्म चार फुटांतच मर्यादा गाठतो आणि त्यापुढे ट्रॅप स्वतःचंच पाणी ओढून रिकामा होऊ शकतो. यूपीसी आणखी कडक आहे, दीड इंचीला साडेतीन फूट, दोन इंचीला ५, तीन इंचीला ६. टॉयलेटचं दोन्हीकडे वेगळं, आयआरसी त्याला अंतराची मर्यादा घालत नाही कारण टॉयलेट स्वतःच सायफनवर चालतं आणि नंतर पुन्हा भरतं, यूपीसी मात्र फ्लँजपासून (टॉयलेट ज्यावर बसतं ती फरशीतली कडी) व्हेंटपर्यंत ६ फूट धरतो. व्हेंट ट्रॅपला अगदी चिकटूनही नको, किमान पाइपच्या दोन व्यासांइतकं अंतर हवं.

आणि तो आडव्या व्हेंटचा नियम: कोरडा व्हेंट, म्हणजे ज्यातून फक्त हवा जाते तो, आडव्या ड्रेनवरून निघताना सरळ वर किंवा निदान ४५ अंशात वर निघाला पाहिजे आणि फिक्स्चरच्या, म्हणजे बेसिन, शॉवर वगैरेच्या, काठापेक्षा ६ इंच वर जाईपर्यंत आडवा होता कामा नये. बेसिनचा काठ ३६ इंचावर असेल तर ४२ इंचापर्यंत सरळ वरच. फरशीखालून आडवा नेऊन भिंत गाठायची सोय यात नाही, आणि शॉवरच्या आसपास बहुतेक वेळा भिंत सापडत नाही. मग करायचं काय?

ओला व्हेंट, अडचणीच्या जागेतला खरा सोबती

माझं प्रामाणिक मत, कमी उंचीच्या क्रॉल स्पेसमध्ये एका बाथरूमसाठी हीच पद्धत सगळ्यात चांगली. बेसिन भिंतीला असतंच. त्याच्या ट्रॅपचा आर्म भिंतीतल्या सॅनिटरी टीमध्ये (टी आकाराची, बाजूच्या तोंडाला वळण असलेली ड्रेनची फिटिंग) येतो, टीच्या वरून व्हेंट छताकडे जातो, खालून दोन इंची ड्रेन फरशीखाली उतरतो. हाच दोन इंची पाइप पुढे आडवा जातो, त्यात शॉवर येऊन मिळतो, मग टॉयलेट, आणि तिथून पुढे तीन इंची. बेसिनचं पाणी त्या पाइपच्या तळातून वाहतं आणि वरच्या रिकाम्या जागेतून शॉवर आणि टॉयलेटला हवा मिळते. बेसिन रोज वापरात असल्याने तो पाइप आपोआप धुतला जातो, म्हणून माझ्या जुन्या व्हेंटसारखा लगदा इथे साचत नाही.

साइज का दोन इंची, तर बेसिनचं १ फिक्स्चर युनिट (सांडपाण्याचा भार मोजायचं कोडचं एकक), शॉवरची २, मिळून ३, आणि दोन इंची ओला व्हेंट ४ युनिटपर्यंत चालतो. साध्या टॉयलेटची ३ युनिट असतात म्हणून त्याला नेहमी सगळ्यात शेवटी, म्हणजे मेनच्या बाजूला ठेवा. यूपीसीत हे सक्तीचंच आहे. शॉवर आणि टॉयलेट दोघांनी या लाइनला वेगवेगळं आणि आडवं येऊन मिळायचं, वरून उभं पडायचं नाही. शॉवरच्या ट्रॅपपासून या लाइनपर्यंतचं अंतर वरच्या ट्रॅप आर्मच्या मर्यादेत हवं, तुमच्या चित्रात सगळ्यात जास्त वेळा हेच मोडतं, तिथे परत परत मोजा. वर जाणारा कोरडा व्हेंट मी दोन इंची घेतो, त्यापेक्षा कमीही कधी चालतं पण फरक एका पाइपचा आहे आणि वाद मिटतो.

एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच बाजूने हवा आत घेणारी झडप, पुष्कळांना सोपी वाटते. आयआरसी ती मान्य करतो पण घराचा निदान एक व्हेंट बाहेर उघडा लागतोच, यूपीसीच्या भागात आधी परवानगी विचारा. कुठेही असलात तरी ती क्रॉल स्पेसमध्ये लपवू नका, ती बिघडते तेव्हा वायू सोडते आणि बदलायला हात पोचला पाहिजे.

फिटिंग निवडताना

पाणी आडव्यातून उभ्यात जात असेल तर सॅनिटरी टी चालते. उभ्यातून आडव्यात किंवा आडव्यातून आडव्यात जात असेल तर लांब वळणाचा बेंड, किंवा वाय आकाराचा जोड आणि ४५ अंशाचा बेंड. सॅनिटरी टी पाठीवर आडवी झोपवून ड्रेन जोडणं चुकीचंच, मैला तिथे आपटून मागे उडतो. लांब वळणाची फिटिंग जास्त जागा खाते हे खरं, म्हणून खरी फिटिंग हातात घेऊन मोजा, कॅटलॉगच्या भरवशावर राहू नका. शॉवरचा पी-ट्रॅप जॉइस्टच्या गाळ्यात वर बसवता येतो, आर्म ज्या दिशेला हवा तिकडे यू फिरवायचा, फक्त ट्रॅप लेव्हलमध्ये राहिला पाहिजे.

जॉइस्टला भोक पाडायचं असेल तर व्यास खोलीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही आणि वरच्या-खालच्या कडेपासून २ इंच सोडून. टू बाय टेन जॉइस्टची, म्हणजे नावाला २ बाय १० इंची लाकडाची, खरी खोली ९.२५ इंच, त्यात जेमतेम ३ इंची भोक बसतं, साडेतीन इंच जाडीचा पाइप त्यातून जात नाही म्हणजे नाही. टू बाय ट्वेल्व्हची ११.२५, त्यात जातो. खाचा मधल्या तिसऱ्या भागात मारायच्याच नाहीत. टॉयलेटच्या बरोबर खाली जॉइस्ट आला तर तो अर्धवट कुरतडू नका, तो नीट कापून दोन्ही बाजूंना आडवे हेडर टाकून घ्यावा लागतो, आणि तयार आय-जॉइस्ट (कारखान्यात बनलेली, इंग्रजी आय आकाराची तुळई) असेल तर निर्मात्याचा तक्ता बघितल्याशिवाय हात लावू नका, त्याची वरची-खालची पट्टी तर कधीच कापू नका.

क्लीनआउट, म्हणजे तुंबल्यावर उघडून साफ करायचं झाकणाचं तोंड, लाइनच्या वरच्या टोकाला हवा, आणि त्याच्या समोर निदान १८ इंच मोकळी जागा, यूपीसीत दोन इंचीपेक्षा मोठ्या पाइपला २४ इंच. नुसती जागा नाही, स्प्रिंगचं मशिन घेऊन माणूस तिथे पोचेल का ते बघा. नसेल पोचत तर तो भिंतीबाहेर काढा. यावर दोन पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

जोडणी आणि टेस्ट

आधी सगळं कोरडं जोडून बघायचं, हँगर दर ४ फुटांवर आणि प्रत्येक वळणापाशी, लोंबणाऱ्या पाइपमध्ये पाणी साचतं. प्रत्येक सांध्यावर मार्करने आडवी रेघ मारून ठेवा, सोल्यूशन लावल्यावर फिटिंग कुठल्या कोनात होती ते विचार करायला वेळ मिळत नाही. जेवढं बाहेर जोडून आत नेता येईल तेवढं बाहेरच चिकटवा. प्रायमर आणि सोल्यूशनची वाफ चढते आणि पेटतेही, म्हणून दाराशी पंखा लावा, आणि खाली भट्टीचा किंवा गीझरचा पायलट, म्हणजे कायम पेटती छोटी ज्योत, जळत असेल तर तो आधी बंद करा, हे विसरू नका. पीव्हीसी आणि एबीएस या दोन वेगळ्या प्लास्टिकचे पाइप एकमेकांना नुसत्या सोल्यूशनने चिकटवू नका. जुनी बिडाची लाइन कापत असाल तर कापायच्या आधी दोन्ही बाजूंना आधार द्या, ती खूप जड असते, घरातल्या सगळ्यांना नळ आणि फ्लश बंद ठेवायला सांगा, आणि नवीन जोड स्टीलचं कवच असलेल्या रबरी कपलिंगने करा.

टेस्टसाठी मेनपाशी फुगा लावून लाइन बंद करायची आणि व्हेंटमधून पाणी भरायचं, तुमच्या कोडप्रमाणे साधारण ५ ते १० फूट पाण्याचा दाब लागतो, नेमका किती ते इन्स्पेक्टरला विचारा, आणि तो १५ मिनिटं टिकला पाहिजे. त्या वेळात खाली जाऊन प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू फिरवा, डोळ्यांना न दिसणारा थेंब टिश्यूवर लगेच दिसतो. पास झालं की फुगा काढायच्या आधी लाइनपासून लांब व्हा, तेवढं पाणी एकदम सुटतं.

टॉयलेट बसल्यावर शेवटची तपासणी दोघांनी करायची. एकाने बेसिनचा नळ सोडून तीन-चार वेळा फ्लश करायचा, दुसऱ्याने शॉवरच्या जाळीवर टॉर्च धरून ट्रॅपमधलं पाणी बघायचं. पाणी थोडं हललं तर चालेल, खाली ओढलं जायला किंवा गुडगुडायला नको. खालचं इन्सुलेशन आणि प्लास्टिक परत लावायचं ते हे बघून झाल्यावरच, आणि थंडीत गोठणाऱ्या भागात असाल तर शॉवरचा ट्रॅप गुंडाळायला विसरू नका, त्यात पाणी कायम उभं असतं.